घरीच तर असतेस!

सप्रेम नमस्कार,

मी जी. डी. आर्ट ही चित्रकलेची पदविका केली आहे. दहा वर्षं मुलांच्या पुस्तकांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी चित्रं काढते. मधूनच कुणाचं तरी तैलरंगातलं व्यक्तिचित्र येतं. मुलगी चार वर्षांची आहे, तिची बालवाडी ९ ते १२. नवरा चाकणला कंपनीत, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. घर वन बीएचके, सासूबाई आमच्यासोबत असतात. सगळ्यांचं एकच पालुपद, 'तुझं काय, तू घरीच तर असतेस.' दिवसभर टेबलाशी बसते, तरी चित्र पुढे सरकत नाही. मुलीला पाणी, रंग, कटर, सगळ्यात हात घालायचा असतो. प्रकाशक सहा-सहा महिने पैसे देत नाहीत. त्यात बालवाडीच्या बाईंनी शाळेची एक भिंत फुकटात रंगवून मागितली आहे. हे सगळं सोडून शाळेत चित्रकलेची नोकरी धरू का?

ता. क. काल मुलीनं तयार चित्रावर तांबड्या मेणखडूची रेघ ओढली. निघते का हो?

— एक चित्रकार आई, पुणे

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रातलं 'दिवसभर बसते, तरी चित्र सरकत नाही' हे वाक्य आम्ही पुन्हा वाचलं, कारण बाकीच्या बऱ्याच तक्रारी त्याच्याच पोटातल्या आहेत. चार वर्षांच्या मुलीच्या आईला बालवाडीची वेळ सोडली तर सलग तीन तास मिळत नाहीत, पण वीस-वीस मिनिटांचे नऊ तुकडे मिळतात. बेरीज सारखीच येते. जलरंगाच्या वॉशला, म्हणजे एका दमात पसरायच्या पातळ रंगाला, मात्र ही बेरीज चालत नाही. म्हणून आधी वेळ वाटायला घेऊ नका, कामं वाटा. हातातलं काम मध्येच टाकून उठलं तर ते बिघडतं की तसंच राहतं, एवढाच निकष लावा.

मोठा वॉश, आकाश, ओल्या कागदावर ओला रंग, तैलरंगातली चेहऱ्याची कातडी, ही न मोडण्याजोगी कामं. संहिता पहिल्यांदा वाचून थंबनेल, म्हणजे छोटी कच्ची रेखाटनं, काढणं त्यातच धरा. तिथे कागदाचं काही बिघडत नाही, पण तुटलेला विचार पुन्हा जुळायला पाऊण तास जातो. याउलट रफवरून ट्रेसिंग, पेनवर्क, पोस्टर कलरचे सपाट भाग, किनारी, स्कॅन साफ करणं, बिल लिहिणं, ही कामं कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला टाकून उठलात तरी तशीच वाट बघत बसतात. बहुतेकजणी सकाळी शांत वेळ मिळाला की आधी ई-मेल आणि स्कॅन उरकतात, 'म्हणजे मग निवांत रंगवता येईल' म्हणून. तो निवांतपणा काही येत नाही, आणि वॉश टाकायची वेळ दुपारी पावणेचारला, मुलगी झोपेतून उठायच्या तोंडावर येते. सकाळचे ९ ते १२ हे तुमच्या दिवसातलं सोनं आहे. त्यात फोन, बिल, व्हॉट्सॲप, काही नको. न्यायची-आणायची वेळ वजा केली तर हातात अडीच तास राहतात. त्यातला पहिला दीड तास फक्त न मोडण्याजोग्या कामाला द्या.

वॉश अर्ध्यावर सोडला तर नेमकं काय होतं, हे घरातल्यांना समजावून सांगायलाही उपयोगी पडेल. ३०० जीएसएमच्या जाड कागदावर पसरलेला रंग चकाकत असतो, तोवर त्यात काहीही करता येतं. चकाकी गेली आणि कागद नुसता गार लागू लागला की सगळ्यात वाईट वेळ सुरू होते. तेव्हा नवं पाणी पडलं तर ते आधीचा रंग ढकलत कडेला नेऊन टाकतं आणि कोबीच्या फुलासारखा डाग उमटतो. पूर्ण वाळल्यावर पुन्हा हात लावता येतो, मधल्या वेळात नाही. दिवाळी अंकांचं काम नेमकं जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसात येतं. तेव्हा कागद वाळायला बराच जास्त वेळ घेतो आणि ही धोक्याची मधली वेळही तेवढीच लांबते. पावसाळ्यात हेअर ड्रायर हाताशी ठेवा, पण चकाकी जाईपर्यंत लावू नका. आधीच लावलात तर हवेच्या झोतानं रंग सरकतो आणि कडा उमटतात.

शिफ्टचं काय करायचं? एकच वेळापत्रक करून ते मोडत बसण्यापेक्षा तीन वेगळी वेळापत्रकं करा, तीन कागदांवर, आणि ज्या आठवड्याचं असेल ते फ्रिजवर लावा. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात नवरा दुपारनंतर घरी असतो, तेव्हा संध्याकाळी ५ ते ७ मुलगी त्याच्याकडे, खाली बागेत. घरात नव्हे. घरात असली की ती दर पाच मिनिटांनी तुमच्याकडे येणारच. सेकंड शिफ्टला तो सकाळी घरी असतो, तर बालवाडीत सोडणं-आणणं त्याचं, म्हणजे तुमच्या अडीच तासांचे पूर्ण तीन होतात. नाईटचा आठवडा सगळ्यात अवघड. तो दिवसा झोपणार, बेडरूम बंद, मुलीला हॉलमध्ये गप्प ठेवायचं. त्या आठवड्यात नवं चित्र सुरू करू नका. ट्रेसिंग, पेनवर्क, स्कॅन, हिशेब, अशी मोडण्याजोगी कामं त्याच आठवड्यासाठी राखून ठेवा. संपादकाला तारीख देताना कॅलेंडरवर नाईटचा आठवडा कुठे पडतो ते आधी बघा. तारखा चुकण्याचं निम्मं कारण तिथेच सापडेल, असा आमचा अंदाज आहे.

सासूबाईंना 'जरा बघता का हिच्याकडे' असं म्हणू नका. 'जरा'ला शेवट नसतो, म्हणून समोरच्यालाही तो नकोसा होतो. 'रोज ४ ते ५ तिला गोष्ट सांगून दूध द्याल का, ५ ला मी उठते' असं म्हणा, आणि ५ ला खरंच उठा. दोनदा सव्वापाच केलेत की तिसऱ्या दिवसापासून चारलाच कुरकुर सुरू होईल. आणि 'घरीच तर असतेस'ला वादानं उत्तर देत बसू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर हातातल्या चित्रांच्या तारखा आणि त्यांची रक्कम मोठ्या आकड्यांत लिहा. '१४ ऑगस्ट, मुखपृष्ठ, ८,००० रु.' असं डोळ्यांसमोर असलं की घरातल्यांना ते काम म्हणून दिसायला लागतं. थोडं पोरकट वाटेल, पण लागू पडतं.

आता रंगांविषयी. तुकड्या-तुकड्यांनी काम करताना खरा घात करतो तो कालवलेला रंग. मुलगी उठली, तुम्ही उठलात, परत आलात तर पॅलेटवरचा रंग सुकलेला, आणि नवा कालवला तर तो जुळत नाही. पोस्टर कलर ओला असताना एक दिसतो आणि सुकल्यावर दुसरा. फिके रंग सुकताना जरा गडद होतात आणि गडद रंग फिके पडतात. जलरंग सुकल्यावर फिका पडतो, ॲक्रिलिक गडद होतो. त्यामुळे ओल्या रंगाशी ओला रंग जुळवून काही हाती लागत नाही. रंग कालवलात की त्याचा एक पट्टा त्याच जातीच्या कागदाच्या पट्टीवर ओढा, सुकू द्या, शेजारी पेन्सिलीनं लिहा, 'पांढरा ४, यलो ऑकर १, निळा थेंबभर'. दुसऱ्या दिवशी जुळवणी त्या सुकलेल्या पट्ट्याशी करा. सपाट भागासाठी लागेल त्याच्या दीडपट रंग कालवून घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत ठेवा. वरून पाण्याचे दोन थेंब टाकले तर तो चार-पाच दिवस टिकतो. पावसाळ्यात कमी, कारण बुरशी धरते.

ॲक्रिलिक वापरत असाल तर ओली पॅलेट घरीच करा. पसरट डबा घ्या, मिठाईचा प्लास्टिकचाही चालतो. तळाशी किचन टॉवेलच्या चार घड्या ओल्या करून ठेवा, पाणी तरंगायला नको. त्यावर ट्रेसिंग पेपर किंवा बेकिंगचा कागद, आणि रंग त्याच्यावर. झाकण लावलं की दोन-तीन दिवस रंग मऊ राहतो. मेण लावलेला बटर पेपर इथे चालत नाही, खालची ओल त्यातून वर येत नाही. आणि ॲक्रिलिकचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, सुकलेला ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच, पाइपात चिकटून बसतो. बादलीत दोन दिवस राहू द्या, गाळ तळाशी बसला की वरचं पाणी मोरीत ओता आणि खालचा साका वर्तमानपत्रात पुसून कचऱ्यात टाका.

उठताना एक चिठ्ठी लिहून चित्रावर ठेवा, तीन-चार शब्दांची: 'उजव्या झाडाची सावली, नंबर ३ ब्रश'. परत बसल्यावर पहिली दहा मिनिटं चित्राकडे बघण्यात जातात, ती वाचतात. दिवसात नऊ तुकडे असतील तर हिशेब तुम्हीच करा.

मुलीच्या हाताबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात. आम्हाला मात्र इथे जरा कडक बोलायचं आहे. तैलरंगाचं सामान, म्हणजे टर्पेंटाइन, थिनर, जवसाचं तेल, वॉर्निश, वन बीएचकेमध्ये मुलीच्या हाताला लागेल अशा उंचीवर असूच नये. कुलपाचं कपाट नसेल तर उंच माळ्यावर, गॅसपासून लांब. टर्पेंटाइन पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही ओतू नका, अगदी तात्पुरतंसुद्धा. मुलं बाटली ओळखतात, चिठ्ठी वाचत नाहीत. पोटात गेलंच तर उलटी करवू नका. उलटी होताना ते फुप्फुसात उतरतं आणि खरा धोका तोच. बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा, किंवा १०८ ला फोन करा. जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून डब्यात टाकायची सवय असेल तर आजच सोडा. हे तेल सुकताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. चिंध्या गॅलरीत दोरीवर एकेक पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा, नाहीतर पाण्यानं भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवा.

कॅडमियम आणि कोबाल्टचे रंग, लेड व्हाइट, क्रोम यलो हे विषारी असतात, त्यांच्या ट्यूब वेगळ्या डब्यात ठेवा. या रंगांची पूड आणि सॉफ्ट पेस्टलची धूळ खोलीत उडू देऊ नका. फरशी ओल्या फडक्यानं पुसा, केरसुणीनं ती नुसती हवेत जाते. फिक्सेटिव्हचा, म्हणजे पेस्टल कागदावर पक्कं करायच्या द्रवाचा, फवारा गॅलरीत, मुलगी घरात नसताना. ब्रशचं टोक ओठांनी करायची सवय कित्येक चित्रकारांना असते, आणि मुली आईची सवय दोन दिवसांत उचलतात. टेबलावर चहाचा कप आणि ब्रशाचा कप शेजारी-शेजारी नको. आणखी दोन गोष्टी, ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: बोर्डावर कागद अडकवायचे बारीक ताकदवान चुंबक आणि छोट्या दिव्यातल्या बटण बॅटऱ्या. दोन्ही गिळण्याएवढ्या असतात आणि गिळल्या तर आतड्याला किंवा अन्ननलिकेला भोक पाडू शकतात. टेबलावरून काढूनच टाका. कटरची मोडलेली पाती झाकणाला चीर पाडलेल्या डब्यात.

हे सगळं हलवल्यावर टेबलाचा दुसरा भाग तिला द्या. तुमच्या टेबलाला काटकोनात तिचं छोटं टेबल, त्यावर तिचाच ब्रश, तिचंच पाणी, जाड मेणखडू आणि मोठा कागद. जुन्या कोऱ्या पाठीची प्रूफं असतील तर उत्तम. आईचं सामान तिला हवं असतं, कारण आई तेच हातात घेऊन बसलेली असते. म्हणून तुमचा एखादा जुना, झिजलेला पण खरा ब्रश तिला द्या, खेळण्यातला नको. चार वर्षांचं मूल अशा कामात पंधरा-वीस मिनिटं रमतं. म्हणून एका वेळी एकच गोष्ट काढा, खडू संपले की मग कणीक. कणकेसाठी २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ, २ चमचे तेल, पाऊण वाटी कोमट पाणी थोडं-थोडं घालत. हळद किंवा बिटाचा रस घातला की रंग येतो. पावसाळ्यात मीठ ओल धरतं आणि गोळा चिकट होतो, तेव्हा मूठभर मैदा आणखी मळा आणि डबा फ्रिजमध्ये ठेवा. मीठ खूप आहे, तोंडात घालू देऊ नका.

मोबाइलवर कार्टून लावून वॉश टाकायला हरकत आहे का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळ्याच विचारतात. आमच्या मते हरकत नाही, फक्त तो मोबाइल न मोडण्याजोग्या वीस मिनिटांसाठी राखून ठेवा. ई-मेल लिहायला मोबाइल दिलात तर वॉशच्या वेळी त्याची जादू उरत नाही.

तिच्या चित्राला हात लावू नका, एवढं मात्र पाळा. या वयात माणूस म्हणजे एक गोल आणि त्याला थेट फुटलेले दोन पाय. धड नसतं, आणि ते बरोबरच असतं. 'पोट कुठे गेलं?' असं चित्रकार आईनं विचारलं की मूल पुढचं चित्र आईलाच काढायला लावतं. 'हे काय आहे?' ऐवजी 'इथे काय चाललंय?' विचारा, आणि मागे पेन्सिलीनं तारीख आणि वय लिहा.

आता पैसे. तुम्ही एका चित्राचं मानधन किती घेता ते लिहिलं नाहीत, म्हणून नुसती रीत सांगतो. समजा महिन्याला तुम्हाला घरात २५,००० रुपये द्यायचे आहेत, सामान ३,०००, इंटरनेट, स्कॅन, प्रिंट वगैरे २,०००, एकूण ३०,०००. आठवड्याचे पाच दिवस, रोज चार तास, महिन्याचे ८० तास. यातले २० तास ई-मेल, बिलं आणि ने-आण खातात. उरले ६०. म्हणजे तासाला ५०० रुपये. पानभर रंगीत चित्राला थंबनेल अर्धा तास, रफ दोन, फायनल पाच, स्कॅन आणि दुरुस्त्या दीड, एकूण नऊ तास, म्हणजे ४,५०० रुपये. कुणी १,५०० देत असेल तर तो तुम्हाला तासाला जेमतेम १६७ रुपये देतो. तेव्हा नाही म्हणायलाच हवं असं नाही. '१,५०० मध्ये एकरंगी पेनवर्क करून देते, तीन तासांचं' असं म्हणता येतं. दिवाळी अंकाला एकरंगी रेखाटन शोभतंही छान. पण १,५०० घेऊन ४,५०० चं चित्र काढत राहिलात तर तोच तुमचा भाव ठरतो, आणि पुढच्या वर्षी तो वाढवता येत नाही.

काम घेतानाच एक मेसेज जायला हवा. तोंडी 'बघू, करू' झालं की सहा महिन्यांनी भांडायला हाताशी काही नसतं. असा लिहा:

'पानभर रंगीत ४ चित्रं, प्रत्येकी ४,५०० रु., एकूण १८,०००. निम्मे आगाऊ, ते मिळाल्यावर रफ सुरू. रफमध्ये दोनदा बदल करून देईन. फायनलनंतर बदल हवा असल्यास दर चित्रामागे १,००० रु. वेगळे. रफनंतर काम रद्द झाल्यास आगाऊ रक्कम माझ्याकडे राहील. चित्रं फक्त या अंकाच्या छापील आवृत्तीसाठी, ई-आवृत्ती किंवा पुस्तकासाठी वेगळं बोलू. मूळ चित्रं माझी. नाव चित्राशेजारी छापावं. उरलेले पैसे बिलापासून ३० दिवसांत.'

समोरच्यानं 'ओके' लिहिलं की स्क्रीनशॉट काढून ठेवा. मोठ्या पुस्तकाच्या कामाला मात्र हेच एका पानावर, दोघांच्या सह्यांनी. आणि व्यक्तिचित्राचं काम घेता, म्हणून एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, कुणी पैसे देऊन रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसला, तर त्याचा पहिला कॉपीराइट काढून घेणाऱ्याकडे जातो, चित्रकाराकडे राहत नाही. पुढे त्याची कार्डं छापली तर तुम्हाला काही म्हणता येत नाही. 'कॉपीराइट चित्रकाराकडे राहील' ही एक ओळ आधी लिहून सह्या घेतल्या तर हे टाळता येतं. उलट, हक्क लिहून देतानाही मुदत लिहा. मुदत लिहिलीच नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो.

उशिरा येणाऱ्या पैशांसाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करा. सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर होते, फुकट. गूगलवर वर दिसणाऱ्या, 'फी' मागणाऱ्या साइट सरकारी नव्हेत. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानं नोंदणी झालेल्या सूक्ष्म व्यावसायिकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय असे मुदतीत न दिलेले पैसे कंपनीला त्या वर्षी खर्चात दाखवता येत नाहीत, हे मोठ्या प्रकाशकाच्या हिशेबनीसाला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. म्हणून उद्यम क्रमांक बिलावरच छापा, बिल क्रमांक, तारीख, पॅन, बँक तपशिलाच्या शेजारी. नोंदणी काम घेण्याआधी झालेली हवी, जुन्या बिलांवर वाद होतात. जीएसटी क्रमांक मागितला तर वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सेवेला तो लागत नाही, असं सांगा. टीडीएस कापला असेल तर तो आयकराच्या पोर्टलवर तुमच्या पॅनखाली दिसतो का ते बघा आणि रिटर्न भरा, कमी उत्पन्न असेल तर ते पैसे परत मिळतात. कित्येक चित्रकार हे पैसे वर्षानुवर्षं सोडून देतात.

तीन माणसं मिळून पदरमोड करून काढत असलेल्या दिवाळी अंकाच्या संपादकावर हा कायदा चालवू नका. त्याच्याकडून पुढच्या वर्षी सगळं मानधन आगाऊ घ्या, आणि नाही जमलं तर त्याच्यासाठी छोटं रेखाटन करा.

शाळेच्या भिंतीचं उत्तर सोपं आहे. बाकीचे पालक शाळेला किती देतात? वर्षातून एक सकाळ. तुम्हीही तेवढीच द्या. सहा बाय दहा फुटांची भिंत म्हणजे ६० चौरस फूट, प्राइमर, दोन हात, रेखाटन मिळून तीन-चार दिवसांचं काम. बाईंना सांगा, 'रेखाटन मी एका सकाळी खडूनं आखून, प्रत्येक भागात रंगाचा नंबर लिहून देते. रंगवायला रविवारी पालक येऊ द्या. रंग शाळेचे.' हो म्हणण्याआधी भिंतीवर तळहात ठेवून बघा. ओल असेल, पांढरी पूड सुटत असेल तर एका पावसात पोपडे निघतील, आणि खाली नाव तुमचं असेल. तेव्हा आधी ओलीचा बंदोबस्त, मग चित्र.

नोकरीबद्दल आमचं मत असं, की या वर्षी नको. कलाशिक्षकाच्या जाहिरातीत बहुतेक वेळा ए. टी. डी. सारखी शिकवण्याची पदविका मागतात, ती तुमच्याकडे आहे का ते आधी बघा. शिवाय नोकरीत ९ ते १२ हे तुमचे एकमेव सलग तास जातात आणि तुटके तुकडे मात्र तसेच राहतात. दरमहा ठरलेले पैसे हवेत, ही गरज खरी आहे. त्यासाठी शनिवार-रविवार एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या मुलांचा वर्ग घ्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन, सगळं तुमच्या हातातलं आहे. सहा-आठ मुलांपेक्षा जास्त हॉलमध्ये मावणार नाहीत. तोही जूनमध्ये सुरू करून ऑगस्टमध्ये अंकांच्या कामात अडकण्यापेक्षा डिसेंबरमध्ये सुरू करा. वर्षभर करून बघा, मग नोकरीचा विचार पुन्हा काढा.

आणि ता. क. रेघ पूर्णपणे निघणार नाही. रबरानं घासू नका, मेण मऊ होऊन पसरतं आणि तांबडा रंग कागदात शिरतो. इस्त्रीनं मेण शोषून घ्यायचा उपाय कपड्याला ठीक, कागदाला नव्हे, तिथेही रंग मागे राहतो. नव्या पात्याचं टोक आडवं धरून वर उठलेलं मेण अलगद खरवडा, मग मळता येणारं रबर नुसतं दाबून उचला. उरलेल्या डागावर पोस्टर कलर धरत नाही, थेंब होऊन सरकतो. रंगात ब्रशच्या टोकावर मावेल एवढं भांडी घासायचं लिक्विड मिसळलंत तर जरा धरतो. पण चित्र छपाईसाठीच असेल तर मूळ कागदाशी झगडूच नका. आहे तसं ३०० डीपीआयवर, छापायच्या मापात स्कॅन करा. बिघडलेला तेवढाच तुकडा त्याच जातीच्या कागदावर, सुकलेल्या पट्ट्यांशी रंग जुळवून पुन्हा रंगवा, तोही स्कॅन करा आणि दोन्ही कॉम्प्युटरवर जोडा. जोड झाडाच्या खोडावर किंवा कपड्याच्या कडेवर घ्या, सपाट आकाशात घेतलात तर दिसतो. पेनवर्क असेल तर ६०० डीपीआय. यापुढे चित्र सुकलं की त्याच संध्याकाळी स्कॅन, आणि कागद थेट कपाटावरच्या फोल्डरमध्ये.

तुमचे,
सल्लागार